घर गार कसं ठेवावं?

चैत्र निम्मा सरला की आपल्या सोलापूरकडे ऊन चढू लागतं. वैशाखात तर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. सावलीतला पारा ४० अंशांच्या वर जातो. एखाद्या दिवशी ४३-४४ अंशांनाही टेकतो. माणसं बाहेरून घरात येतात ती गारव्यासाठी. पण घरच तापलेलं असेल तर जायचं कुठं?

आधी आमच्या वर्गाची गोष्ट सांगतो.

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात आमचा बायकांचा वर्ग भरत असे. जागा म्हणजे पत्र्याची एक खोली. वेळ दुपारी दोन ते चार. बायकांना तेवढीच सवड मिळते. मार्च महिना कसाबसा गेला. एप्रिलात मात्र पाटीवर अक्षर काढता काढता घामाचे थेंब पडू लागले. एके दिवशी एका आजींना घेरी आली. त्यांना बाहेर लिंबाखाली नेलं, पाणी शिंपडलं, तेव्हा त्या सावध झाल्या. आमच्या छातीत धस्स झालं.

मग आम्ही वर्गणी काढली आणि एक कूलर आणला. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लावलं, खिडक्या लावल्या. आपल्या शहाणपणावर आम्ही खूष होतो. अर्ध्या तासात सगळ्यांची अंगं चिकट झाली. श्वास घ्यायला जड वाटू लागलं. लुगडी अंगाला चिकटली. कूलर घरघरत होता आणि बाया पदराने वारा घेत होत्या!

त्याच आजी म्हणाल्या, "लेकरांनो, ते यंत्र ऱ्हाऊ द्या बाजूला. आधी आपल्या डोक्यावर तवा ठेवलाय, त्याचं काय ते बघा."

आजींचं बोलणं अगदी खरं होतं. आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली होती.

डोक्यावरचा तवा

घरात उष्णता येते कुठून? दारातून येते, खिडकीतून येते, पश्चिमेच्या भिंतीतून येते. पण सर्वांत जास्त येते ती छपरातून. त्याचं कारण सोपं आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी अंगणात काठी उभी रोवून पाहा. काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. म्हणजे ऊन भिंतींवर फारसं पडत नाही. सगळं ऊन छपरावर पडतं.

आता छपरं तीन तऱ्हेची. पत्रा, स्लॅब आणि माळवद.

पत्रा पातळ असतो. ऊन पडलं की तो लगेच तापतो आणि खालच्या माणसांना भाजून काढतो. दिवस मावळला की लवकर निवतोही. विडी वळणाऱ्या बायकांना हे चांगलं ठाऊक आहे. तंबाखू उडतो म्हणून त्यांना पंखाही लावता येत नाही. दिवसभर त्या पत्र्याखाली सूप मांडीवर घेऊन बसतात.

स्लॅबचं उलटं आहे. तो सावकाश तापतो. दुपारी घर त्यामानाने बरं वाटतं. पण स्लॅब दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि रात्री ते खाली सोडत बसतो. मध्यरात्र झाली तरी भिंतीला हात लावावा तर गरम. पंखा लावला तर तोही वरची ऊन हवाच खाली ढकलतो.

माळवद आपल्या वाडवडलांचं. खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडं, त्यावर पाला आणि वर हातभर माती. मातीच्या एवढ्या जाड थरातून ऊन खाली उतरायला दिवस पुरत नाही. ते उतरेपर्यंत रात्र होते. वर झरोका असतो, त्यातून ऊन हवा निघून जाते. माणसं रात्री माळवदावर अंथरूण टाकून निजतात. वीज नव्हती तेव्हाही उन्हाळा काढता येत होता, तो अशा घरांमुळे.

मग माळवदं गेली कुठं? काही गळक्यापायी गेली. पण खरं कारण वेगळं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांतली गावंच्या गावं बसली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आपल्या सोलापूर जिल्ह्यालाही तो धक्का चांगलाच जाणवला. त्या रात्री माणसांना जमिनीच्या हादऱ्याने जेवढं मारलं, त्याहून जास्त मारलं ते छपराने. दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि वरची मणामणांची माती झोपलेल्या माणसांवर आली. गळतं म्हणून दर साल नवी माती टाकून टाकून माळवदं जड झालेली होती. त्यानंतर पुष्कळ घरांनी माती उतरवली आणि पत्रे चढवले. आम्ही त्यांना दोष देत नाही. जीव महत्त्वाचा. पण त्यांनी भीती घालवली आणि ऊन घरात घेतलं, हेही खरं.

म्हणून आता प्रश्न असा आहे. छप्पर हलकं हवं आणि गारही हवं. ते कसं साधायचं?

पांढरा रंग

काळं घोंगडं उन्हात ठेवा आणि शेजारी पांढरं धोतर ठेवा. घटकाभराने दोन्हींवर हात ठेवून बघा. घोंगडं चटका देतं, धोतर देत नाही. पांढरा रंग ऊन परत फेकतो. काळा रंग ते गिळतो. छपराचंही तसंच आहे. वरून पांढरं केलेलं छप्पर कमी तापतं. खालच्या खोलीत दोन ते चार अंशांचा फरक पडतो. दोन अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण ४१ अंशांत बसणं आणि ३८ अंशांत बसणं यांत फार अंतर आहे, हे तान्ह्या मुलाच्या आईला विचारा.

ही नुसती आमची कल्पना नाही. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्म्याने फार माणसं दगावली. तेव्हा तिथल्या महापालिकेने २०१३ साली उन्हाळ्यासाठी एक आराखडा तयार केला. पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचं काम त्यातच आलं. आपल्या शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ साली गार छपरांचं सरकारी धोरणच जाहीर केलं.

स्लॅबला चुना उत्तम. गच्ची झाडून धुऊन घ्यावी. कळीचा चुना आदल्या दिवशी पिंपात भिजत घालावा. सकाळी तो गाळून घ्यावा आणि त्यात डिंक कालवावा, म्हणजे तो धरून राहतो. गच्चीवर थोडं पाणी शिंपडून कुंच्याने पातळ हात द्यावा. तो वाळला की दुसरा आणि मग तिसरा. एकच जाड हात दिला तर पापुद्रे निघतात. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, म्हणून दर साल होळीच्या सुमारास हे काम करावं.

एक जपा. कळीच्या चुन्यात पाणी पडलं की तो खदखदतो. त्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती असते. लेकरं जवळ येऊ देऊ नका. भिजवणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा लावावा आणि हाताला मोजे घालावेत. डोळ्यात गेलाच, तर चांगल्या पाण्याने पुष्कळ वेळ डोळा धूत राहावं आणि तडक दवाखाना गाठावा.

पत्र्यावर मात्र चुना फार दिवस टिकत नाही. त्याला ऊन परत फेकणारा पांढरा रंग मिळतो, तो द्यावा. खर्च जास्त होतो, पण तो काही वर्षं टिकतो. तेही जमत नसेल तर पत्र्याच्या खाली आढ्याला बांबूच्या तट्ट्या बांधाव्यात. तट्ट्या आणि पत्रा यांत वीतभर जागा मोकळी ठेवावी. पत्रा तापला तरी मधली हवा आडवी येते. दोन्ही टोकांना ती जागा उघडी असली तर ऊन हवा निघूनही जाते. काही जण पत्र्यावर तुराट्या नाहीतर कडबा टाकतात. त्याने सावली होते, यात शंका नाही. पण चुलीची एक ठिणगी उडाली तर काय होईल, याचाही विचार करावा. आम्हाला तो उपाय पसंत नाही. त्यापेक्षा मांडव घालून त्यावर दोडक्याचा वेल सोडा. सावलीही मिळेल आणि भाजीही.

पश्चिमेला लिंबाचं झाड असेल तर ते तोडू नका. चार ते सहा या वेळचं तिरपं ऊन तेच अडवतं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा लावा, आतून नव्हे. आतून लावलेल्या पडद्यापर्यंत ऊन आलं म्हणजे ते घरात आलंच की! बाहेर तरट किंवा वाळ्याचा पडदा टांगून त्यावर पाणी मारलं तर वारा गार होऊन आत येतो.

आणि खिडक्या. सकाळी नऊ-दहाच्या पुढे बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापते. तेव्हा उन्हाच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या. दिवस मावळून बाहेर गार झालं की सगळ्या सताड उघडा. पुष्कळ घरांत नेमकं उलटं चालतं. दुपारी वाऱ्यासाठी उघड्या आणि रात्री चोरासाठी बंद! रात्रीसाठी खिडकीला गज आणि जाळी बसवून घ्या. चोरही अडेल, डासही अडतील.

आता यंत्रं

छप्पर झालं, सावली झाली, आता विजेकडे वळू. बाजारात तीन वस्तू मिळतात. पंखा, कूलर आणि एसी. यांतलं काय घ्यावं?

विजेच्या बिलावर 'युनिट' असा शब्द असतो. तुम्हाला तो आता वाचता येतो. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं यंत्र एक तास चालवल्यावर लागणारी वीज. आता बघा, एका युनिटात कोण किती वेळ चालतं. जुना साधा छताचा पंखा ७५ वॅटचा असतो. तो सुमारे १३ तास चालतो. नव्या तऱ्हेचे पंखे निघाले आहेत, त्यांना 'बीएलडीसी' म्हणतात. ते सुमारे ३० वॅटचे असतात. त्याच एका युनिटात असा पंखा ३३ तास फिरतो! वारा तेवढाच मिळतो. घरगुती कूलर २०० वॅटचा धरला तर तो ५ तास चालतो. आणि दीड टनाचा जुना एसी पूर्ण जोरात असला तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत युनिट संपवतो.

एका घराचा हिशेब मांडू. दोन जुने पंखे, रोज बारा-बारा तास. महिन्याला ५४ युनिटं झाली. दिवे, टीव्ही, लहान फ्रीज आणि मिक्सर मिळून ४० धरा. बेरीज ९४. मग उन्हाळ्यात कूलर आला आणि तो रोज दहा तास चालला. त्याची ६० युनिटं. एकूण झाली १५४. आता इथं मेख आहे. आपल्याकडे घरगुती विजेला पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. १०० च्या वरच्या युनिटांना जवळपास दुप्पट दर लागतो. म्हणजे ती वरची ५४ युनिटं महागात पडली.

तेच घर जरा वेगळं चालवू. छप्पर पांढरं केलं, म्हणून कूलर सहा तासच पुरला. त्याची ३६ युनिटं. दोन्ही पंखे बीएलडीसी घेतले, त्यांची २२. बाकीची ४०. बेरीज झाली ९८. कूलर घरात आहे आणि बिलही शंभराच्या आत आहे.

असा पंखा घेताना हजार-दीड हजार रुपये जास्त पडतात, हे खरं. पण सोलापुरात पंखा वर्षातले सात-आठ महिने फिरतो, त्यामुळे वरचे पैसे एक-दोन वर्षांत वसूल होतात. पंख्याच्या खोक्यावर ताऱ्यांची चिठ्ठी बघा. २०२३ पासून ती छताच्या पंख्यांना सक्तीची आहे. तारे एकपासून पाचपर्यंत. जितके तारे जास्त, तितकी वीज कमी. दुकानदार तोंडाने काहीही सांगेल. आपण तारे मोजावेत.

वीज वाचवायची ती केवळ पैशांसाठीच नव्हे. दक्षिण सोलापुरात आहेरवाडी-फताटेवाडीजवळ मोठं वीजकेंद्र आहे. ते १३२० मेगावॅटचं आणि कोळशावर चालतं. कोळशाची एक युनिट वीज करायला अर्धा-पाऊण किलो कोळसा जळतो. आपल्या घरात बटण दाबलं की कुठंतरी भट्टीत कोळसा पडतो.

पंख्याची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पंखा हवा गार करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून गार वाटतं. हवाच ४० अंशांच्या वर गेली तर पंखा अंगावर झळ फेकतो. म्हाताऱ्या माणसाला त्याने त्रास होतो. अशा वेळी अंगावर ओलं फडकं घ्यावं, हातपाय ओले करावेत आणि मग पंखा लावावा.

आता आमचा कूलर का फसला ते सांगतो. माठातलं पाणी गार का होतं? ते माठाला पाझरतं आणि वाळतं. वाळताना उष्णता घेऊन जातं. कूलर तेच करतो. ओल्या गवतातून हवा ओढतो, पाणी वाळतं, हवा गार होते. पण त्या हवेत ओल मिसळते. ती ओली हवा खोलीबाहेर गेलीच पाहिजे. आम्ही दारंखिडक्या लावून ती कोंडली. कूलर आपलीच ओली हवा पुन्हा ओढू लागला. मग पाणी वाळेना आणि गारवाही येईना. म्हणून कूलर खिडकीत असा बसवावा की त्याची पाठ बाहेर राहील. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवावं.

कूलरला कोरडी हवा मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दोरीवरचं लुगडं घटकाभरात वाळतं. असे दिवस असले तर कूलर चांगला चालणार. मुंबईला किंवा कोकणात तो तितका लाभत नाही. इथंही मृगाचा पाऊस पडून हवा ओली झाली की कूलरचं पाणी बंद करावं.

पाण्याचाही विचार करा. कूलर दिवसाला काही बादल्या पाणी पितो. पाण्याची ओढ सोलापूरला नवी नाही. ज्या घरी बाई दोन फर्लांगांवरून हंडे आणते, तिथं कूलर घेताना आधी तिला विचारावं. कूलर घेतो गडी आणि पाणी भरते बाई, असं आम्ही फार पाहिलं आहे.

आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आणि कूलरचा पत्रा ओला असतो, हे कधी विसरू नका. वायर उघडी पडली तर सगळ्या कूलरमध्ये करंट उतरतो. अशाने दर उन्हाळ्यात माणसं जातात. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. तीन पायांचीच पिन लावा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढून ठेवा. शॉक लागताच वीज तोडणारी पेटीही मिळते. ऐपत असेल तर ती बसवाच.

एसीबद्दल थोडक्यात. तापल्या पत्र्याखाली एसी लावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं आहे. घरात आजारी किंवा फार म्हातारं माणूस असेल, छप्पर चांगलं असेल आणि बिल झेपत असेल, तर एक खोली बंद करून जास्त ताऱ्यांचा एसी लावावा. २०२० पासून खोलीचे नवे एसी चालू करताच २४ अंशांवर येतील असे ठेवलेले असतात. ते १८ वर आणू नयेत. २४-२६ अंशांवर ठेवून पंखा लावला तर पुरे होतं.

थंडीचं काय, असं कुणी विचारील. सोलापूरची थंडी ती काय! महिना-दीड महिना, तीही रात्रीपुरती. चांगली जाड सोलापुरी चादर असली की भागतं. विजेच्या शेगडीची गरज नाही. मात्र बाळंतिणीच्या खोलीत दारंखिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवतात, ती ठेवू नका. तिच्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून द्या आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढा.

उन्हाने कुणाचं अंग तव्यासारखं तापलं, तो बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर ते साधं घेरी येणं नव्हे. तो उष्माघात. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ नंबरला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आमच्या वर्गाचं पुढं काय झालं? बायकांनीच पैसे काढून पांढरा रंग आणला. दोघींच्या मुलांनी तो सकाळच्या गार वेळी पत्र्यावर दिला. आतून तट्ट्या बांधल्या. कूलर खिडकीत सरकवला आणि समोरचं दार उघडं ठेवलं. वर्गाची वेळही बदलली. आता उन्हाळ्यात वर्ग सकाळी सात वाजता भरतो, म्हणून कूलर लावायची पाळी क्वचितच येते. दुपारी तिथं शेजारच्या म्हाताऱ्या बायका येऊन आडव्या होतात. आजीही येतात. परवा त्यांनी कूलरवरची चिठ्ठी अक्षर लावून वाचली आणि "ह्यावर वॅट किती लिवलंत?" असं आम्हालाच विचारलं.